तू फोनवर सांगितलेलं

जालना,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संध्या हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तृप्तीची कंबर आता दुखत नाही. राधेश्यामराव आणि अर्पिता खुशाल असतील. सप्टेंबरात मंठ्याला फार पाऊस झाला असं कळलं, तुमच्या गल्लीत पाणी शिरलं नसावं.

तू बी.एड.ला अंबडला होतीस तेव्हा मी तुला दोन पत्रं लिहिली होती. त्यानंतर आज लिहितो आहे. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

गावाकडच्या घराच्या मागच्या खोलीचे पत्रे बदलले. आई किती वर्षं म्हणत होती. आता गळत नाही. द्वारकामावशीला लुगडं नेऊन दिलं, आईचं तिनं शेवटपर्यंत केलं म्हणून. आईचं शिलाई मशीन तेलपाणी करून अर्पिताकडे पाठवलं, ते पोचल्याचा तिचा फोन आला. तू फोनवर आली नाहीस. दिवाळीआधी आपले चुलते काकासाहेब यांच्याकडेही जाऊन आलो. बांधावरून आईचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं, तुला माहीतच आहे. मला दारात पाहून म्हणाले, "आज इकडं कसा काय? लग्नाची वाट चुकलास का?" चहा दिला. बांधाचं कुणीच काढलं नाही.

यंदा आपल्याला सण नव्हता, तरी भाऊबीजेला तू येशील असं वाटलं होतं. तृप्तीनं ताट करून ठेवलं होतं. तू येणार नाहीस हे तिला आधीच कळलं होतं, पण तिनं मला तसं सांगितलं नाही.

माझ्या कामाचं म्हणशील तर तुळशीची लग्नं झाली आणि फोन पुन्हा सुरू झाले. अठरा तारखेला पहिलं लग्न आहे. मांडववाला, आचारी, फुलवाला, बँड, गुरुजी, सगळ्यांना वेळेवर आणायचं, आणि काही कमी पडलं तर कुणाला कळायच्या आत ते उभं करायचं, एवढंच माझं काम. यात जड उचलायचं काही नसतं, पण सकाळी सहापासून दोन्ही फोनवर प्रत्येक जण काहीतरी मागत असतो आणि प्रत्येकाला मी "हो, करतो" म्हणतो. बारा वर्षांत मी कुणाला नाही म्हटलेलं नाही. नाही म्हणणाऱ्याला पुढचं लग्न कुणी देत नाही.

ऑगस्टमध्ये मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तृप्ती म्हणायची, "मी सांगते, तुम्ही हो म्हणता, आणि संध्याकाळी विचारलं की म्हणता, कधी सांगितलंस?" म्हणून गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी यंत्रावर दोन्ही कान तपासले. मला मनातून वाटत होतं की कान गेलेले निघावेत. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, तुमचं डोकं थकलंय. शेवटची सुट्टी कधी घेतली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मे महिन्यात, तेरा दिवस. "छान, कुठे गेला होता?" मी म्हणालो, आईचे दिवस होते. त्यांनी मान खाली घातली आणि गोळ्या लिहून दिल्या. एकच फोन ठेवा आणि रोज एक तास तोही बंद करा, असं सांगितलं.

त्या तेरा दिवसांबद्दल तुझी माफी मागायची राहिली आहे. सुतकातल्या माणसाला लग्नाच्या मांडवात कुणी बोलावत नाही, त्यामुळे फोन आपोआप बंद झाले. मी झोपलो. दहाव्याला नदीवर गुरुजी यायच्या आधी झाडाखाली झोपलो. काकासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यो दहाव्याला आल्ता का झोपायला?" तू त्यांच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला रडू यायला हवं होतं, आणि नुसती झोप येत होती. आई गेल्यामुळे मला विश्रांती मिळाली, असं एकदा मनात आलं. हे मी तृप्तीलाही सांगितलेलं नाही.

पण त्यासाठी हे पत्र नाही.

आई गेली त्या गुरुवारी अंबड रोडच्या लॉनवर बियाण्याच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेव पारावरून निघाला होता आणि गुरुजींनी मागितला तर अंतरपाट सापडेना. एका कानाला आचारी होता, पाण्याचे जार आले नाहीत म्हणून ओरडत होता. तेवढ्यात दुसऱ्या फोनवर तुझं नाव आलं. मी तो दुसऱ्या कानाला लावला. आचाऱ्याचा फोन बंद केला नाही.

तू म्हणालीस, "दादा, आई गेली." हे मला स्पष्ट आठवतं. मग म्हणालीस, "जाताना तिनं तुला एक सांगायला सांगितलंय." हेही आठवतं. त्यानंतर तू बोलत होतीस. मिनिटभर असेल. तुझा आवाज येत होता, मध्ये तू थांबलीसही. आणि मी म्हणालो, "ठीक आहे, करतो."

फोन खिशात ठेवला आणि अंतरपाट शोधायला गेलो. तो करवलीच्या पिशवीत निघाला. गुरुजींना नेऊन दिला. मंगलाष्टकं सुरू झाली. तिसऱ्या का चौथ्या मंगलाष्टकाला माझ्या मुठीत अक्षता होत्या आणि हात वर जाईना. बाजूला माईकवाले सिराजोद्दीन होते, आपले सिराजभाई, बारा वर्षं माझ्यासोबत आहेत. ते म्हणाले, "क्या हुआ कल्याणभाई?" मी म्हणालो, माझी आई गेली. माझ्याच तोंडून ऐकलं तेव्हा मला ते कळलं. त्यांनी माझे दोन्ही फोन काढून घेतले. म्हणाले, "तुम निकलो. इधर का सब मैं देखतूं." आचाऱ्याच्या टेम्पोतून मी मंठ्याला आलो. मागे ते लग्न व्यवस्थित पार पडलं. माझ्यावाचून काही अडलं नाही.

वाटेत आणि अग्नी देताना मला तेवढंच वाटत होतं की आई गेली. तिनं काही सांगितलंय हे तेराव्याला आठवलं, तू निघताना विचारलंस तेव्हा, "लक्षात आहे ना?" मी हो म्हणालो. सवयीनं म्हणालो. आणि रात्री आठवायला बसलो, तर काही नाही. तुझा आवाज आठवतो, शब्द एकही आठवत नाही.

संध्या, आईनं मला काय सांगितलंय ते मला माहीत नाही.

सहा महिने मी अंदाजानं करत आलो. पत्रे केले, तुझा फोन आला नाही, म्हणजे ते नव्हतं. लुगडं दिलं, तेही नव्हतं. मशीन, काकासाहेब, प्रत्येक वेळी तुझ्याकडून काही कळतं का याची वाट पाहिली. सिराजभाईंनी माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचं रेकॉर्डिंग शोधून पाहिलं. ते चालूच नव्हतं. द्वारकामावशीला आडून विचारलं, ती म्हणाली, "मी तवा पानी तापवायला गेल्ते रे." राधेश्यामरावांना विचारलं. ते म्हणाले, संध्या मलासुद्धा सांगत न्हाई, म्हणते ते आईचं आणि दादाचं आहे. डॉक्टरांनी फोन बंद ठेवायला सांगितलेला तास मी रोज पाळतो. अंगणात बसतो आणि आठवून पाहतो. दुसरं काही करत नाही.

राखीला तू आलीस आणि उंबऱ्यातूनच परत फिरलीस. जाताना म्हणालीस, "तिनं एवढं एकच मागितलं होतं. आणि तू हो म्हणाला होतास." तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, पण मला लाज वाटली. ऐकून न करणारा भाऊ तुला चालला असता, तू रागावली असतीस आणि कधीतरी राग गेला असता. आईचे शेवटचे शब्द ऐकूनच न घेणारा भाऊ तुला चालेल का, हे मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही.

मी काम सोडीन असं लिहिणार होतो. लिहीत नाही. अठरापासून फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांना हो म्हणून बसलो आहे, आणि दुसरं मला काही येत नाही. आईनं हेच सोडायला सांगितलं असेल, असंही कधी वाटतं. मग वाटतं, हे मी माझ्या सोयीचं आठवतोय.

एक विनंती आहे. ती जे म्हणाली ते कागदावर लिहून पाठव. तिच्याच शब्दांत, जसं बोलली तसं. फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा हो म्हणेन. त्या गोष्टीला मुदत असेल आणि ती टळून गेली असेल, तरी लिही. माझ्यानं होण्यासारखं नसेल तरी लिही. आणि मला सांगू नये असं तू ठरवलंस, तर तेवढंच लिही. मी त्यावर काही बोलणार नाही.

सोबत एक पाकीट ठेवलं आहे. पत्ता मी घातला आहे, तिकीट लावलं आहे. तुला फक्त चिठ्ठी आत घालायची आहे.

राधेश्यामरावांना नमस्कार. अर्पिताला आशीर्वाद.

पोस्टमन आमच्या गल्लीत दुपारी अडीचला येतो. तेव्हा मी घरी असेन. अठरालाही.

तुझा,
दादा