आठव्या आवाजाची संमती

जळगाव जामोद,
ता. ११ मार्च १९६८

तीर्थस्वरूप नारायणमामांच्या चरणी भाचा रमाकांत याचा दंडवत.

आपल्या दम्याचं कसं आहे ते आधी लिहावं, मग रागावावं. प्रेमलामामींना नमस्कार. आईचे गुडघे थंडी संपली की थांबतील असं वैद्य म्हणाले होते. थंडी संपली, पण गुडघ्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. बाकी घरी सर्व क्षेम.

दिवाळीत आपण आमच्या नीळकंठाचं टेपचं रीळ मुंबईला नेलंत आणि आपल्या तबकड्यांच्या कंपनीत साहेबांच्या टेबलावर ठेवलंत, त्याबद्दल इथली 'विद्युत्संगीत तबकडी समिती' आपली ऋणी आहे. (समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष कडूबा, हे मिरची-वांगी पिकवतात. उपाध्यक्ष प्रतिमाबाई, मुलींच्या शाळेतल्या. आणि चिटणीस मी, कारण तहसिलीतल्या कारकुनाचं अक्षर बरं असतं आणि दुपारनंतर त्याला काम नसतं असा गावाचा समज आहे.) नीळकंठ स्वतः समितीत नाही. त्याला तबकडी नकोच आहे. का नको, असं विचारलं की तो रेडिओचे व्हॉल्व्ह पुसायला लागतो. अशा माणसाची तबकडी निघावी म्हणून तीन माणसांनी पाच महिने जिवाचं रान करावं, हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण आपण ते गाणं ऐकलेलं नाही, मामा. आपण रीळ नुसतं पिशवीतून नेलंत.

झालं असं की गेल्या आश्विनात प्रतिमाबाईंनी शाळेच्या ओसरीवर सात बायकांना बसवून भुलाबाईची (आपल्याकडच्या भोंडल्यासारखी) गाणी म्हणवून घेतली आणि नीळकंठानं ती टेपवर उतरवली. इथवर कोणीही करील. पुढे मात्र त्यानं आपलं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान आतून लावून घेतलं आणि पंधरा दिवस त्या गाण्यांवर वीज सोडली. (शब्द त्याचा. आईनं ऐकला तेव्हा ती बायकांच्या चौकशीला निघाली होती.) दाढीच्या पात्यानं टेप कापायची, चिकटवायची, हळू फिरवायची, रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे जी शीळ ऐकू येते ती खालून सोडायची. असे चार नमुने तयार झाले. (आपण नेलंत ते रीळ म्हणजे त्यांची नक्कल.) नंबर एक ऐकताना भर दुपारी अंगावर काटा येतो. नंबर दोनला दारातलं कुत्रं उठून जातं. नंबर तीनमध्ये सगळं गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं जातं. आणि नंबर चार लागला की ऐकणारा आपोआप मागे वळून बघतो. मी वळलो, प्रतिमाबाई वळल्या, वीजबिल द्यायला आलेला माणूससुद्धा वळला. फक्त कडूबा वळत नसत. ते रोज दुपारी भाजी टाकून येत, खोक्यावर बसत, डोळे मिटत आणि संपलं की म्हणत, "पुन्हा लाव." असा गाण्याचा दर्दी आमच्या तालुक्यात निघावा याचा मला चिटणीस म्हणून अभिमान होता.

तबकडीची कल्पना त्यांचीच. त्यांनी बाजारात फिरून दोनशे चौदा सह्या-अंगठे जमवले. (त्यांतले निम्मे लोक ही बऱ्हाणपूरच्या नव्या एस.टी.साठीची मागणी समजून बसले होते आणि गाडी कधी सुटते ते मला अजून विचारतात.) मग जिल्ह्याचं वजन पडावं म्हणून आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो. माझ्या अर्जाचा विषय होता, 'रेकॉर्ड काढून मिळणेबाबत'. तिथल्या एका भल्या गृहस्थांनी तो वाचून आम्हाला अदबीनं जुन्या दफ्तराच्या खोलीत नेलं आणि कोणत्या सालचं रेकॉर्ड, गट नंबर काय, असं विचारलं. कडूबा म्हणाले, गेल्या सालचं. नंबर तीन आणि चार. आम्ही तासभर बसलो. शेवटी वडनेर भोलजीच्या कोणाची तरी दोन शेतं आम्हाला वाचायला मिळाली.

मग जानेवारीत आपल्या कंपनीचं पत्र आलं. प्रतिमाबाईंनी त्या इंग्रजीचा अर्थ सांगितला, आणि तिथपासून माझी झोप गेली आहे. साहेब लिहितात, गाणं आवडलं, लहान तबकडी काढता येईल. मात्र गायिकांची संमतिपत्रं सात आली आहेत आणि आमच्या यंत्रज्ञांच्या मते रिळावर आवाज आठ आहेत. आठव्या गायिकेची संमती त्वरित पाठवावी.

प्रतिमाबाईंच्या वहीत त्या दिवशीची नावं आहेत. सात. चहा सात कप आला होता, त्यातला अर्धा मी प्यालो. नीळकंठाला विचारलं तर तो व्हॉल्व्ह पुसायला लागला. म्हणून मी ठरवलं की सरकारी पद्धतीनं चौकशी करावी. साती जणींना दुकानात बोलावलं आणि सांगितलं, नमुना नंबर तीन लावतो, जिला स्वतःचा आवाज ओळखू येईल तिनं हात वर करावा. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर ऊन रणरणत होतं. सोजराबाईंनी स्वतःला खोकल्यावरून ओळखलं (उलट्या खोकल्यावरून, हे विशेष). एकेक करून सात हात वर झाले. आणि मग सगळ्यांनाच ते कळलं. मामा, नंबर तीन उलटा आहे. साती जणी उलट्या गातात, एक शब्द लागत नाही. त्यांच्या पाठीमागे एक बारीक आवाज आहे, तो सरळ गातो. स्पष्ट, शब्दन्‌शब्द. आणि थोडा घाईनं, जणू पुढची ओळ आधी म्हणून टाकायची आहे.

मी आठ मोजले. प्रतिमाबाईंनी आठ मोजले. कडूबा म्हणाले, सात. पुन्हा लावलं, कडूबा म्हणाले, सातच, मुंबईवाल्यांचं यंत्र बिघडलं असंल. बायका पदर सावरून उठल्या. सोजराबाई तेवढ्या दारात थांबल्या.

"तो आवाज बाईचा नाही, बाबू," त्या म्हणाल्या. "पोरीचा हाय." आणि गेल्या.

मी प्रतिमाबाईंकडे पाहिलं. त्या रडत होत्या. वर्गात पन्नास मुलींना नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई रडताना मी कधी पाहिली नव्हती, म्हणून मी उगाच फायली चाळू लागलो. (दुकानात फायली नव्हत्या. रेडिओच्या पावत्या होत्या.) त्या हळूच म्हणाल्या, "मी तिला दर वर्षी रागवायचे. गीते, थांब, सगळ्यांबरोबर म्हण."

गीता म्हणजे कडूबांची मुलगी. चार वर्षांपूर्वी, पाचवीत असताना गेली. भाद्रपद संपत आला होता, भुलाबाई बसली होती, आणि पोर शेतातून शाळेकडे धावत निघाली होती. इथे लख्ख ऊन होतं. पाऊस वर सातपुड्यात झाला होता, त्याचं पाणी कोरड्या नाल्यात एकदम उतरलं. मी तेव्हा वाशीमला होतो, मला हे ऐकूनच माहीत. कडूबांची ती मुलगी, हे पाच महिने त्यांच्या मांडीला मांडी लावून बसूनही मला ठाऊक नव्हतं.

कडूबा खोक्यावरून उठले नाहीत.

"मीबी आठच मोजले, बाबू," ते म्हणाले. "मले पह्यल्याच दिशी समजलं होतं."

मग सात का सांगितले, असं मी विचारलं.

"आठ म्हनलं असतं तं तुम्ही तिले खोडून टाकलं असतं. कागद तुमच्या हाती ना."

मी हातातल्या पावत्या खाली ठेवल्या. नीळकंठ प्रथमच तोंड उघडून म्हणाला की त्यानं तो आवाज कापायचा तीनदा प्रयत्न केला. टेपचा तुकडा काढून टाकला तर आवाज पुढच्या तुकड्यात येतो. म्हणून त्याला तबकडी नको होती. ज्याचं दुःख आहे त्याला न विचारता ते गावोगावी कसं वाजवायचं? कडूबा म्हणाले, मले विचार ना मंग. आणि त्यांनी सगळं सांगितलं. केसरबाई, म्हणजे गीताची आई, त्या दिवसापासून शाळेच्या रस्त्यानं येत नाहीत. दुकान त्याच रस्त्यावर. आणि टेपचं यंत्र विजेवर चालतं, त्यांच्या वस्तीवर वीज नाही. म्हणून कडूबांनी खामगावहून चावीचा जुना फोनो आणून शेतातल्या खोपीत पोत्याखाली झाकून ठेवला आहे. तबकडी आली की तो घरी न्यायचा. "तिच्या मायनं काहीच ऐकलं नाही तिचं. मी एकटाच ऐकून राह्यलो रोज. चोरावानी वाटते."

तेव्हा मामा, आठवं संमतिपत्र तयार केलं आहे. मजकूर माझा, 'अज्ञान मुलीच्या वतीने पिता' असं लिहून खाली कडूबांचा अंगठा घेतला आहे. 'हयात' हा शब्द लिहून खोडला, त्याला क्षमा असावी. ते उद्याच्या टपालानं पाठवतो. आपण साहेबांच्या कानावर घालून तबकडी लवकर निघेल असं पाहावं, ही समितीची नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक
रमाकांत

ता. क. मामा, वर समितीतर्फे लिहिलं. आता घरचं लिहितो. पाचशे तबकड्या नकोत. एकच काढा, आणि फोनोवर चालेल अशी. कंपनीला एक काढणं परवडत नसेल तर साहेबांना माझ्या नावावर काहीही खोटी सबब सांगा. कडूबा रोज येऊन खोक्यावर बसतात, पण आता 'पुन्हा लाव' म्हणत नाहीत. केसरबाईंच्या आधी ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तोच टपाल आलं. वरचं सगळं रद्द समजावं. आपल्या कंपनीचं पत्र आहे: आठव्या गायिकेचं संमतिपत्र ५ तारखेस पोहोचलं, आभारी आहोत, तबकडीचं काम सुरू केलं आहे. मामा, आमचं संमतिपत्र इथे माझ्या समोर, दौतीखाली आहे. कडूबांना लिहिता येत नाही. नीळकंठानं आईच्या पायाला हात लावून सांगितलं की त्यानं पाठवलं नाही. प्रतिमाबाईंना पत्र दाखवलं तर त्यांनी एकच गोष्ट आपल्याला विचारायला सांगितली. तेवढी कृपा करा. साहेबांच्या फायलीतला तो कागद काढून फक्त सही पाहा. वर्षभर वही तपासून, हातावर पट्टी मारूनसुद्धा ती पोर आपल्या नावातला 'गी' ऱ्हस्वच काढायची. सहीत तो ऱ्हस्व आहे की दीर्घ, एवढंच एका कार्डावर कळवा. दीर्घ असेल तर कोणी लबाडी केली ते मी शोधून काढीन. ऱ्हस्व असेल तर कार्ड माझ्या नावानं नको, केसरबाईंच्या नावानं टाका.