दादाचं जर्किन

विश्वजीतदादा,

नमस्कार आजपुरता राहू दे.

कडेगावच्या स्टँडवर थंडी होती म्हणून तू तुझं जर्किन काढून माझ्या अंगात घातलंस. मला ती माया वाटली. सांगलीच्या गाडीत चढणार तेवढ्यात पोलीस आले. फौजदार नीट बोलले, "अंगझडती मॅजिस्ट्रेटपुढं किंवा मोठ्या अधिकाऱ्यापुढं द्यायचा तुला हक्क आहे. नेऊ का?"

मी हसून म्हणालो, "कशाला साहेब? घ्या की हितंच."

पंचांसमोर तेच लिहून माझी सही घेतली. मग जर्किनच्या अस्तरातून नशेच्या पावडरीच्या पुड्या निघाल्या. मी तुझ्याकडं बघितलं.

"हा तुमचा कोण?" फौजदारांनी तुला विचारलं.

"कोण न्हाई. गाडीची वाट बघत हुतो," तू म्हणालास.

वकील म्हणाले, पोलिसांनी हक्क सांगितला नसता तर केस ढिली पडली असती. आता माल कुणाचा ते तरी सांग. मी तुझं नाव घेतलं नाही. आईला दोन पोरं तुरुंगात बघवली नसती.

काल तू पहिल्यांदाच भेटायला आलास. जाळीला तोंड लावून हळू बोलायला लागलास, तेव्हा वाटलं, माफी मागतोयस.

"अस्तरात आनी एक पुडी हुती. पोलिसांस्नी घावली न्हाई. कुठं टाकलीस रं?"

हे पत्र मी धाडणार नाही. वाचून तू पळून जाशील. उद्या वकील आले की तुझं नाव सांगणार आहे.

तुझा सख्खा भाऊ,
गुंडा