डॉक्टरांच्या घरचे सोनमासे

नांदुरा, १२ जानेवारी १९६४

आणखी एक गेला! सकाळी सहाही ठणठणीत. दुपारी दवाखान्यातून आलो, पाण्यात हात घालून गारठा पाहिला, हात धुतले, जेवलो. चहाच्या वेळेला एक पोट वर करून तरंगतोय. आठवड्यातला तिसरा.

मित्रानं मुंबईहून काचेची पेटी मांडीवर घेऊन आठ आणले होते. अख्ख्या नांदुऱ्यात सोनमासे फक्त माझ्याकडे!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाला आलेल्या बायका पेटीभोवतीच. सगळ्यांच्या देखत एकानं अंग टाकलं. शेजारच्या जनकाबाई हळूच – म्हणजे मला ऐकू येईल इतकं हळू – म्हणाल्या, "ढोराचा डॉक्टर आहे न, मछलीचं काय समजते त्याले!"

१६ जानेवारी

पुंजाजीनं दवाखान्यातून बैल सोडून नेला. खांद्याची जखम अजून ओली आहे. मी म्हटलं, अरे, मासा वेगळा, बैल वेगळा. तर म्हणे, "साहेब, जीव तं सारखाच असते न!"

म्हणजे गावभर झालं.

१७ जानेवारी

वाळू धुतली. पाणी उकळून गार करून भरलं. पेटी खिडकीपासून हलवली. मेलेला मासा कापून पाहिला. सरकारी पुस्तक काढलं – कोंबडीपर्यंत सगळे रोग आहेत, माशाचा एकही नाही. सरकारला माशाचं काही पडलेलं नाही.

१८ जानेवारी

गुन्हेगार सापडला! सासूबाई! महिन्याभरासाठी राहायला आल्यात. पेटीत चिमूटभर हळद सोडताना मी रंगेहाथ पकडलं. "औषध म्हनून टाकली, बापा."

माझा तोल गेला. "तुमच्याच हातानं मेले सगळे!" म्हणालो. फार मोठ्यानं म्हणालो.

त्यांनी पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीनं आपल्या गावी, देऊळघाटला गेल्या. आईला घालवलं म्हणून सत्यभामा बोलत नाही. पोळी ताटात वरून पडते.

१९ जानेवारी

आणखी एक मेला. सासूबाई नाहीत, हळद नाही. तरी मी सत्यभामेला म्हटलं, हळदीचा अंमल राहिला असेल. तिनं नुसतं पाहिलं. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

तीन उरले. उद्यापासून सुलतानपूरला लसीकरण, सहा दिवस.

२६ जानेवारी

परत आलो. तिन्ही जिवंत! नाचतायत!

"काय केलंस?"

"काईच नाई. फक्त तुम्ही नव्हते."

आठ दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. टोमणा आहे हे कळलं. जिव्हारी लागला.

२७ जानेवारी

दुपारी आलो, पाणी पाहिलं, जेवलो. पाच वाजता एक खलास.

फक्त तुम्ही नव्हते.

२८ जानेवारी

सकाळी दवाखान्यात एका म्हशीला गोचीड मारायची पावडर चोळत होतो आणि हात तसेच थांबले. मालक म्हणे, "काय झालं, साहेब?" काय सांगू!

शिपाई निवृत्तीला नदीवर पाठवून दोन मासोळ्या आणवल्या. दोन भांडी. एकात साधं पाणी. दुसऱ्यात माझे हात बुडवलेलं पाणी. दुसऱ्यातली तासाभरात उलटी झाली. निवृत्ती भांड्याकडे पाहतो, माझ्या हातांकडे पाहतो, आणि दोन पावलं मागं सरकतो.

रोज मी आधी मासे पाहतो, मग हात धुतो. सहा मासे माझ्याच बोटांनी मारले! पदवी भिंतीवर टांगली आहे. ती उलटी फिरवावीशी वाटली.

२९ जानेवारी

सत्यभामेला सांगितलं. आधी पदर तोंडाला लावला, मग काढलाच – इतकी हसली की खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता देऊळघाटले जा."

२ फेब्रुवारी

गेलो. सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. उभ्यानंच सांगितलं – मासे माझ्या हातानं मेले, चुकलो.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "त्या पावडरचा वास येते न तुमच्या हाताले."

"मग बोलल्या का नाही?"

"जवायाले कोन सांगन, हात धुवा म्हनून?"

मी सुपाशेजारी खालीच बसलो. शेंगा सोलू लागलो, तर त्यांनी सूप ओढून घेतलं – "आधी धुवा!" धुतले. सगळ्या शेंगा सोलल्या. निघताना मनापासून म्हणालो, झालं गेलं विसरा, ते घर तुमचंच आहे, कधीही या. त्या एवढंच म्हणाल्या, "पाहू."

५ फेब्रुवारी

पुंजाजी बैल घेऊन आला. बैल दाखवायच्या आधी म्हणाला, "साहेब, हात धुतले न?"

म्हणजे हेही गावभर झालं.

९ फेब्रुवारी

कापसाचा एक ट्रक दारासमोर थांबला. वरून पलंग उतरला, जातं उतरलं, दोन ट्रंका, दोन बकऱ्या. शेवटी सासूबाई. देऊळघाटचं घर पुतण्याला देऊन आल्यात.

सत्यभामा आनंदानं रडली. मी बकऱ्या बांधल्या.