न दिसलेला बिबट्या

२ नोव्हेंबर
बिबट्यावर बारा चित्रांची मालिका करायची. संक्रांतीआधी पूर्ण. वाचनालयाचा हॉल बुक केला, म्हणजे माघार नको. एकाला जरी चित्र भिडलं तर मी चित्रकार. नाहीतर रंग कायमचे माळ्यावर.

५ नोव्हेंबर
अडचण. मी बिबट्या पाहिलेलाच नाही. येडगावात माझ्याखेरीज सगळ्यांनी पाहिलाय. बायकोने, अश्विनीने, तर धुणं वाळत घालताना. फोटोवरून काढणं अप्रामाणिक वाटतं.

६ नोव्हेंबर, पहाटे
सुचलं. नुसता ऊस काढायचा. बिबट्या आत आहे, दिसत नाही इतकंच. पुण्यातही हे कुणी केलं नसेल.

१९ नोव्हेंबर
पहिलं चित्र झालं. अश्विनीने विचारलं, बिबट्या कुठाय? म्हटलं, आत. म्हणाली, बाहेर आला की हाक मारा, मी भाकऱ्या टाकतेय.

३ डिसेंबर
शेजारचा गोरख बराच वेळ चित्रासमोर उभा. मला घाम. मग म्हणाला, राव, ऊस लई जोमात हाय, पण डाव्या अंगाला पाणी कमी पडलंय. तिथे हिरवा रंग संपत आला होता. बरोबर ओळखलं. जाणकार माणूस.

२० डिसेंबर
शंका: आत बिबट्या आहे, की मला काढता येत नाही म्हणून ऊस? चोरून एक काढून पाहिला. मांजर झालं. त्यावर ऊस रंगवला. निदान या चित्रात तरी आत काहीतरी आहे.

९ जानेवारी
बारा चित्रांनी बघणारा दमतो. पाच पुरेत.

१२ जानेवारी
प्रदर्शन. गर्दी बरी. गोरख म्हणाला, ह्यो ८६०३२ जातीचा ऊस. गावातल्या साळुबाई म्हणाल्या, गप रं, २६५ हाय, आमी लावलाय न्हवं. तासभर तेच. बिबट्याचं कुणी नाव काढलं नाही. रंग पिशवीत भरायला घेतले. तेवढ्यात खतांच्या दुकानाचा अरिहंत आला. म्हणाला, काका, नजर हटत नाही, हे मला दुकानात पाहिजे. माझे डोळे भरून आले. मग म्हणाला, फक्त खाली ‘भरघोस उत्पादन’ लिहून द्या. टोमॅटो आणि कांद्याचंही एकेक करा.

१३ जानेवारी
लिहून दिलं. अक्षर सुरेख आलं. भिडलं ते भिडलं, तेव्हा मी चित्रकार. टोमॅटोत बिबट्या लपू शकतो. कांद्यात कसा लपेल? प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. अरिहंतला अडचण सांगितली. तो म्हणाला, काका, पात उंच काढा की. आपलंच खत आहे.