चार नंबरची नळी

८ मे २००५, रविवार. पहाटे

आजपासून दौरा. अमरावती ते अकोला, पण सरळ मूर्तिजापूर रस्त्याने नाही. तो ट्रकवाल्यांसाठी. आम्ही नांदगाव खंडेश्वर, कारंजा असे फिरून जाणार. ग्रामीण भागाचं ऑब्झर्वेशन. विज्ञानशिक्षक रिटायर होतो, विज्ञान होत नाही.

बागेची चिंता नाही. माझी सिस्टीम रेडी आहे. गच्चीवरच्या टाकीतून पाणी कूलरच्या टाकीत, तिथून सलाईनच्या नळ्या, प्रत्येक कुंडीला एक. थेंब थेंब. चार नंबरची नळी मोगऱ्याला. माझ्या बायकोने, सुभद्राने, तो तिच्या आईच्या अंगणातल्या झुडपाची फांदी आणून लावलेला. आई गेल्यापासून तिचा सगळा जीव त्यात. पाणी घालायला शेजारच्या हाजराबींना सांगू का, असं काल तिने विचारलं. मला लागलं. शेजाऱ्यांनाच सांगायचं तर सिस्टीम कशाला? ती कुंड्यांकडे वळली. पटलं असावं.

मोगऱ्याकडे शेवटची नजर टाकली. पानं टवटवीत. सिस्टीम आवडलेली दिसते.

गॅस बंद, मेन स्विच बंद, टाकीचा कॉक बंद. शिस्त म्हणजे शिस्त.

बायकोने खिशात कांदा ठेवला होता, ऊन लागू नये म्हणून. अवैज्ञानिक. काढून टाकला.

तोच दिवस, दुपारी

नांदगावच्या पुढे गाडी तापली. प्यायचं पाणी रेडिएटरमध्ये गेलं, तेही पुरलं नाही. टपरीवर देवराव नावाचे शेतकरी बसले होते. समोर वखरून ठेवलेलं काळं रान, नजर आभाळाकडे. त्यांना ठिबक सिंचन समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थेंब थेंब सोडाले पयले हिरीत थेंब तं पाह्यजे ना, गुर्जी."

निगेटिव्ह विचारसरणी. पण घरून आणलेल्या त्यांच्या कॅनमधलं अर्धं पाणी त्यांनी गाडीत ओतलं. गावात टँकर दिवसाआड येतो म्हणे. जरा लाजलो. मग गाडी सुरू झाली आणि बरं वाटलं.

९ मे. सासुरवाडी, अकोल्याच्या अलीकडे

ऊन लागलं. बायकोने तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं. संध्याकाळी उठलो. पन्ह्यातल्या क्षारांमुळे. कांद्याचा संबंध नाही.

१० मे

वाईट झालं. सुभद्राच्या आईचा मोगरा गेला. विहीर आटली, झुडूप वाळून काटक्या झाल्या. मेव्हणा शालिकराम खाली मान घालून उभा. "बाई, माणसाईले प्याले पानी नाई, झाडाले कुठून घालू?" सुभद्रा वाळलेल्या बुंध्याला हात लावून बसून राहिली. इतक्या वर्षांत तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "काळजी करू नकोस. आपला आहे ना घरी, चार नंबरच्या नळीवर."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. विश्वास असावा.

११ मे

सुभद्रा म्हणते, उद्याच घरी जाऊ. कसं जाणार? पारावर माझं 'पाण्याचं नियोजन' या विषयावर भाषण जाहीर झालेलं. तिने एसटीडी बूथवरून हाजराबींना फोन केला. दूधवाल्याबद्दल असावा. बाहेर आली तेव्हा चेहरा निवळला होता. मग घाईही राहिली नाही.

१२ मे

भाषण झालं. तिघे आले, एक झोपला. शेवटी खुशालराव म्हणून एक वृद्ध उठले. मला वाटलं, आभार. त्यांनी विचारलं, "गुर्जी, टँकर कवा येऊन राहिला?" मी आल्याचं ऐकून त्यांना वाटलं होतं, तहसीलचा माणूस आहे.

१३ मे, रात्री. राजापेठ, अमरावती

परतलो. सगळ्या कुंड्या वाळल्या. चार नंबरसकट. कूलर कोरडा ठणठणीत. कारणं: नळ्यांचा दर्जा, शहरातला पाणीपुरवठा, उष्णतेची लाट. सुभद्रा गच्चीवर गेली, कॉक फिरवला, खाली आली. नळ्या थेंब थेंब टपकायला लागल्या.

कॉक कोणी बंद केला असेल? चोर येऊन गेला का, हे बघायला कपाट उघडलं. काही गेलं नव्हतं. मग लिहायला पिशवीतून ही वही काढली आणि पहिल्या दिवसाची नोंद वाचली: 'टाकीचा कॉक बंद.'

तिला काय सांगू? तिच्या आईचं शेवटचं झाड होतं.

१४ मे, सकाळी

रात्रभर तयारी करून माफी मागितली. सुभद्रा म्हणाली, "चला," आणि हाजराबींकडे घेऊन गेली. तिथे माठाशेजारी सावलीत मोगऱ्याची कुंडी. चार कळ्या. हाजराबी हसू दाबत म्हणाल्या, "भाभी जाने के पहलेच रात को रख के गई, मास्टरजी. बोली, इनको मत बताना."

मग चार नंबरच्या नळीवर काय होतं?

"तगर," सुभद्रा म्हणाली. "तुमी पाह्यली ना मस्त निघताना."

आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं.

पावसाळ्यात या मोगऱ्याची फांदी शालिकरामकडे जाणार. तोवर कुंडी हाजराबींकडेच राहील, असं दोघींचं ठरलं. मी संध्याकाळी जाऊन बघायला हरकत नाही. हात न लावता.