पोटातल्यांच्या पोटात

२ नोव्हेंबर
नवी नोकरी, नवं घर, प्रयोगशाळा चालत जाण्याइतकी जवळ. चिमणीला – लेकीला, तिसरं चालू आहे – खिडकीची रुंद लाकडी चौकट फार आवडली; तिथेच बसून जेवली. माझं काम वाळवीच्या पोटातले जीव बघण्याचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, लाकूड वाळवीला पचत नाही, पोटातल्या जीवांना पचतं. आणि त्यांच्याही पोटात जिवाणू असतात, त्यांच्यावाचून यांचं पान हलत नाही. आता यात धनी कोण आणि हमाल कोण, ते तुम्हीच ठरवा.

५ नोव्हेंबर
वाळवी उचलायला नळी असते. एक टोक वाळवीवर, दुसरं आपल्या तोंडात, मध्ये बारीक जाळी. पंप आहे, पण त्याने वाळवीचे पाय तुटतात. म्हणून सगळे तोंडानेच ओढतात.
कात टाकली की वाळवीचं पोट रिकामं होतं. मग ती दुसरीला मिशांनी थोपटत राहते. दुसरी आपल्या पोटातलं थेंबभर देते, जीवांसकट.

९ नोव्हेंबर
घशात काहीतरी ओलं, कडवट गेलं. जाळी फाटलेली. मॅडम म्हणाल्या, गुळण्या करा, वाळवीच गिळली आहे, वाघ नव्हे. माणसात ते जीव तग धरत नाहीत.
चिमणीला नेहमीसारखं भरवलं. कडक घास मी आधी चावून मऊ करते.

१४ नोव्हेंबर
थकवा. पाठ टेकली की उठवत नाही. जेवण नको वाटतं. दुपारी लक्षात आलं, अर्धी पेन्सिल संपवली आहे. गोड लागली.

१७ नोव्हेंबर
स्वतःची थुंकी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तेच जीव. त्यांच्या आत जिवाणू, दाटीने, निवांत. मॅडम म्हणाल्या, काच धुतली नसेल. त्यांच्या टेबलाची कड कुरतडलेली होती.

१८ नोव्हेंबर
चिमणीचं ताट वेगळं केलं. पापा बंद. तिने विचारलं, आई, कट्टी का गं?

२१ नोव्हेंबर
खिडकीची चौकट खालून पोकळ. मी नाही. दातांच्या खुणा लहान आहेत. दुधाच्या.

२२ नोव्हेंबर
तिला दवाखान्यात नेलं. कसं नेलं, माझं मला ठाऊक. औषधाने पोट पार रिकामं झालं. मी तपासलं: एकही जीव नाही. सुटली माझी पोर. माझं औषध उशाशी आहे. उद्या घेईन. हात उचलवत नाही.

२३ नोव्हेंबर
ती काही खात नाही. जवळ येऊन बसली आहे. बोटांनी माझे गाल थोपटते – हलकेच, दोन्हीकडून – तोंड उघडून.
ओठ घट्ट मिटलेत. ती थांबत नाही. पोटातून वर काहीतरी – भूक माझी नाही ही – तोंड उघडणार नाही. दमले फार. मी तोंड