टर्नस्टोन, मी आणि धवलची तोफ

१ डिसेंबर, रविवार
समोरच्या फ्लॅटमधल्या धवलने सोसायटीच्या बर्ड ग्रुपवर परत फोटो टाकला. खंड्या. चौतीस लाइक्स. त्यातला एक जयंतीचा! माझ्या सख्ख्या बायकोचा! तोफेएवढी लेन्स लावली की शेंबडं पोरही खंड्या टिपेल. मी अजिबात जळत नाही. फक्त ठरवलंय, ग्रुपच्या नव्या कॅलेंडरच्या कव्हरवर माझाच पक्षी येणार. रडी टर्नस्टोन. खडकाळ किनाऱ्यावर असतो, चोचीने दगड उलथून खालचे खेकडे-किडे खातो. हिवाळ्यात मढच्या किनाऱ्यावर येतो म्हणे. ग्रुपात कोणाकडेच नाही.

५ डिसेंबर
पुस्तकातलं चित्र पाठ केलं. विटकरी पाठ, काळी-पांढरी छाती, एकदम ऐटबाज. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय, पण चष्मा सापडेना. चित्र पुरेसं आहे.
खडक उघडे पडायला ओहोटी हवी. आजोबा सांगायचे, तिथीची पाऊणपट करायची, वेळ निघते. रविवारी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. धवलला यासाठी ॲप लागतं.

८ डिसेंबर, संध्याकाळी
सकाळी सहाला मढ. खडक गायब, सगळीकडे पाणी. सेबॅस्टियन नावाचा मासेमार जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याला विचारलं तर हसायलाच लागला. म्हणाला, अंकल, पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, ओहोटी त्याच्यानंतर सहा तासांनी. आजोबांनी अर्धंच शिकवलं.
जयंतीला सांगितलं, हवा बरोबर नव्हती. ती म्हणाली, धवल ॲप बघून जातो.

१३ डिसेंबर
लिफ्टमध्ये धवल भेटला. त्याला भरतीचं गणित समजावलं, रविवारच्या पौर्णिमेचं आणि मढच्या खडकांचंही सांगितलं. मी पण येऊ का काका, म्हणाला. येऊ दे. गुरू कोण ते तरी कळेल.

१५ डिसेंबर
ओहोटी बरोब्बर साधली. लांबच्या खडकांवर दुर्बीण लावून दोन तास उभा. विटकरी काही दिसेना. पायाशी मात्र एक मळकट तपकिरी, नारिंगी पायांचं बुटकं पाखरू सारखं लुडबुडत होतं. शेवाळ उचकट, शिंपला उलटव. शेवटी माझ्या पोह्यांच्या डब्याचं झाकणच उलथलं मेल्याने! तीनदा हाकललं. धवल चिखलात पालथा पडून त्याचेच फोटो काढत होता. मला हसू आवरेना. लोक कशाच्या मागे लागतील नेम नाही. मोठेपणा करून दुर्बीण परत समुद्राकडे वळवली.

२२ डिसेंबर
कव्हर ठरलं. धवलचं. फोटोचं नाव, 'रडी टर्नस्टोन, हिवाळी पिसारा'.
चष्मा सोफ्याखाली सापडला. बारीक अक्षर वाचलं. विटकरी रंग फक्त उन्हाळ्यात, हिवाळ्यात मळकट तपकिरी. असल्या गोष्टी ठळक छापायला नकोत? माझा राग धवलवर नाही, लेन्सवर आहे. बरं, थोडा धवलवरही. बराचसा.

१ जानेवारी
जयंतीने कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलं. मधोमध पक्षी, चोचीखाली आमच्या डब्याचं झाकण. मागे पाठमोरा मी, दुर्बीण समुद्राकडे. खाली छापलंय, 'डबा सौजन्य: विद्याधर काका'. घरी येईल त्याला जयंती बोट ठेवून दाखवते, हे आमचे.
वहीत नोंद केली. पक्षी: रडी टर्नस्टोन. कुठे पाहिला: स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर.